रशियाचं तेल, अमेरिकेचा दबाव आणि धाराशिवचं सोयाबीन: स्वस्त इंधनाची किंमत कोण मोजतंय?

रशियाकडून तेल घेतलं म्हणून अमेरिकेने भारतावर लावलेलं २५ टक्के जादा आयातशुल्क ७ फेब्रुवारी २०२६ पासून हटलं. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती कापड, कोळंबी आणि दागिन्यांच्या निर्यातदारांना मिळालेल्या दिलाशाची. शेअर बाजारही उसळला. पण दोन्ही देशांच्या संयुक्त निवेदनात, एका लांबलचक वाक्याच्या मध्येच, दोन नावं येतात. एक सोयाबीन तेल, दुसरं डीडीजीएस.

ही दोन नावं दिल्लीपेक्षा धाराशिव जिल्ह्यात जास्त काळजीने वाचायला हवीत. कारण कळंबपासून उमरग्यापर्यंत खरिपात जिकडे बघावं तिकडे सोयाबीनच असतं.

रशियाच्या तेलावरून सुरू झालेला वाद सोयाबीनपर्यंत कसा पोहोचला? आणि 'देशहितासाठी स्वस्त तेल' हे जे आपण गेली चार वर्षं ऐकतोय, त्यात देश म्हणजे नेमकं कोण? टप्प्याटप्प्याने पाहू.

नेमकं काय ठरलं?

६ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून भारतावर २५ टक्के जादा शुल्क लावलं. कारण दिलं होतं रशियन तेलाच्या खरेदीचं. आधीचं २५ टक्के धरून एकूण शुल्क ५० टक्क्यांवर गेलं आणि २७ ऑगस्टपासून ते लागू झालं. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने रोसनेफ्ट आणि लुकऑइल या रशियाच्या दोन सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांवर निर्बंध टाकले.

२ फेब्रुवारी २०२६ ला ट्रम्प यांनी करार झाल्याचं जाहीर केलं. शुल्क १८ टक्क्यांवर येणार आणि भारत रशियाचं तेल घेणं थांबवणार, असं त्यांनी लिहिलं. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १८ टक्क्यांबद्दल आभार मानले, पण रशियाच्या तेलाचा उल्लेख केला नाही. १४० कोटी भारतीयांची ऊर्जा सुरक्षा हेच आमचं पहिलं प्राधान्य, अशी परराष्ट्र मंत्रालयाची भूमिका आहे.

मग आलं संयुक्त निवेदन. अमेरिकेच्या ज्या शेतमालावरचं शुल्क भारत कमी किंवा रद्द करणार आहे, त्यात सुकामेवा, फळं, मद्य यांच्याबरोबर पशुखाद्यासाठीची लाल ज्वारी, डीडीजीएस आणि सोयाबीन तेल आहे. (ही लाल ज्वारी म्हणजे आपली मालदांडी नव्हे. भाकरीला लगेच धोका नाही.)

वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी लगोलग स्पष्ट केलं की मका, गहू, तांदूळ, सोया, कुक्कुटपालन, दूध ही संवेदनशील क्षेत्रं पूर्णपणे सुरक्षित आहेत. सवलतीचा माल कोटा ठरवून, मर्यादित प्रमाणातच येईल, असंही सरकारचं म्हणणं आहे.

सोयाबीन सुरक्षित आहे, मग अडचण कुठे?

अडचण समजण्यासाठी सोयाबीनचा दाणा फोडून बघावा लागतो.

१०० किलो सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड उरते. लातूरच्या किंवा बार्शीच्या बाजारात व्यापारी जो भाव लावतो, तो या दोन गोष्टी किती रुपयांना विकल्या जातील यावर ठरतो. सोयाबीनला स्वतःचा असा भाव जवळजवळ नसतो. तेलाचा भाव अधिक पेंडीचा भाव, वजा गिरणीचा खर्च, असा तो हिशेब आहे.

आता निवेदनातली दोन नावं परत वाचा. सोयाबीन तेल पहिल्या भागाशी स्पर्धा करतं आणि डीडीजीएस दुसऱ्या. अख्खं सोयाबीन बंदरावर अडवलं, पण त्याचे दोन्ही भाग स्वस्तात आत येऊ दिले, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक किती उरतो?

डीडीजीएस म्हणजे काय? मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा, वाळवलेला चोथा. इंजिनीअरिंगला आम्हाला मास बॅलन्स शिकवायचे, त्यातलं हे सोपं उदाहरण आहे. मक्याच्या दाण्याचं ढोबळमानाने एक तृतीयांश इथेनॉल होतं, एक तृतीयांश कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि एक तृतीयांश चोथा उरतो. या चोथ्यात २८ ते ३० टक्के प्रथिनं असतात. सोयापेंडीत ४६ ते ४८ टक्के असतात. दर्जा कमी, पण स्वस्त. कोंबडीखाद्य बनवणारा कारखानदार हिशेब करतो आणि पेंडीचं प्रमाण कमी करून तिथे हा चोथा घालतो.

अमेरिकेतला बहुतेक मका जनुकीय बदल केलेला, म्हणजे जीएम असतो. भारतात कापूस सोडला तर कुठल्याही जीएम पिकाची शेतात लागवड करायला परवानगी नाही. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येणारं सोयाबीन तेल मात्र जीएम बियांचंच असतं आणि ते वर्षानुवर्षं आपल्या कढईत आहे. म्हणजे जे बियाणं आपल्या शेतकऱ्याने पेरलं तर गुन्हा, त्याच बियाण्याचा माल बाहेरून आला तर चालतो. जीएमच्या बाजूने असा किंवा विरोधात, या दुटप्पीपणाचं उत्तर कुणाकडेही नीट मिळत नाही.

हे पहिल्यांदा होतंय का?

नाही. तेलासाठी घेतलेल्या परराष्ट्र धोरणाच्या निर्णयाचा सोयापेंडीवर परिणाम होण्याची एक जुनी गोष्ट आहे, इराणची. ती फारशी सांगितली जात नाही.

२०१२ च्या सुमारास अमेरिका आणि युरोपच्या निर्बंधांमुळे इराणला डॉलरमध्ये पैसे देणं कठीण झालं. तेव्हा भारताने मार्ग काढला. तेलाच्या बिलाचा काही भाग रुपयांत, युको बँकेतल्या खात्यात जमा करायचा. इराणने ते रुपये भारतातच खर्च करायचे. इराण त्या रुपयांतून काय घ्यायचा? बासमती तांदूळ, चहा, औषधं आणि सोयापेंड. भारतीय सोयापेंडीच्या मोठ्या खरेदीदारांमध्ये इराण होता. कोंबड्यांसाठी त्यांना जीएम नसलेली पेंड जवळच्या देशातून, डॉलरशिवाय मिळत होती. आपल्याला तेल मिळत होतं. इराण उधारीची मुदतही जास्त द्यायचा.

२०१८ मध्ये ट्रम्प यांनी इराणशी झालेला अणुकरार मोडला. भारताला दिलेली सवलत मे २०१९ च्या सुरुवातीला संपली आणि भारताने इराणी तेल घेणं थांबवलं. त्याआधीच्या वर्षात आपल्या एकूण कच्च्या तेलाच्या आयातीत इराणचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास होता. तो शून्यावर आला. तेल थांबलं तसा रुपयांचा ओघही थांबला. युको बँकेतली शिल्लक संपत गेली आणि इराणची पेंड व बासमतीची खरेदी आटली.

त्या वेळी चर्चा सगळी 'अमेरिकेसमोर झुकलो का' या एका प्रश्नाभोवती फिरली. पेंडीचं गिऱ्हाईक गेलं, हे व्यापाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याहून मागे गेलं तर १९९० सापडतं. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळला. भारत दोन्ही देशांकडून तेल घ्यायचा आणि कुवेतमध्ये लाखो भारतीय काम करत होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दाम हुसेन यांना त्यांनी दिलेल्या आलिंगनावर पुढे बरीच टीका झाली. हल्ल्याचा खणखणीत निषेध न करण्यामागे अडकलेल्या माणसांची काळजी होती आणि तेलाचीही. सुमारे १ लाख ७० हजार भारतीय विमानांनी परत आणले गेले. पुढच्या जानेवारीत चंद्रशेखर सरकारने अमेरिकेच्या लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू दिलं, तेव्हा देशात गदारोळ झाला आणि ती सवलत मागे घ्यावी लागली. तेल महागलं होतं, परकीय चलन संपत आलं होतं. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून लंडनला गेलं. ज्याची तेलाची गरज मोठी आणि तिजोरी रिकामी, त्याला तत्त्वाची भाषा किती परवडते, याचा तो धडा होता.

रशियाच्या तेलात नैतिक प्रश्न कोणता?

भारत आपल्या गरजेच्या सुमारे ८८ टक्के कच्चं तेल आयात करतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला करण्याआधी त्यात रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास होता. युरोपने पाठ फिरवली, रशियाने सवलत दिली आणि दोन वर्षांत हा वाटा ३५ टक्क्यांच्या वर गेला. त्याच काळात संयुक्त राष्ट्रांत रशियाच्या निषेधाचा ठराव आला. २ मार्च २०२२ च्या मतदानात १४१ देश बाजूने, ५ विरोधात आणि ३५ तटस्थ होते. भारत तटस्थ राहिला.

एका बाजूचं म्हणणं सरळ आहे. रशियाच्या सरकारी उत्पन्नातला जवळपास तिसरा हिस्सा तेल आणि वायूमधून येतो. त्या पैशातून क्षेपणास्त्रं बनतात, ती खारकीव्हच्या घरांवर पडतात. महाराष्ट्रातून वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली मुलं त्याच शहरांच्या तळघरांतून जीव मुठीत धरून 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांपर्यंत पोहोचली होती. आक्रमकाला पैसा देऊन वर तटस्थ म्हणवून घेता येतं का, हा प्रश्न खोटा नाही.

दुसऱ्या बाजूची उत्तरंही पोकळ नाहीत. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी एप्रिल २०२२ मध्ये वॉशिंग्टनमध्येच सुनावलं होतं की, भारत महिनाभरात रशियाकडून जितकं घेतो त्याहून जास्त युरोप एका दुपारीत घेतो. युरोप रशियाचा द्रवरूप वायू त्यानंतरही घेत राहिला. रशियन तेलापासून भारतात शुद्ध केलेलं डिझेलही युरोपने घेतलं; त्यावर बंदी लागू झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. शिवाय भारताने रशियन तेल घेतलं नसतं तर तेवढं तेल बाजारातून गेलं असतं आणि भाव सगळ्यांसाठीच भडकले असते, या मुद्द्यात तथ्य आहे. २०२२ मध्ये श्रीलंकेतल्या पेट्रोलच्या रांगा आपण पाहिल्या आहेत.

पण माझ्या मते, युरोपचा ढोंगीपणा दाखवून युरोपचा प्रश्न सुटतो, आपला नाही. आपल्या बाजूचा खरा, एकमेव वजनदार युक्तिवाद वेगळा आहे. आपला देश गरीब आहे. इथल्या शेतकऱ्याला, रिक्षावाल्याला महाग डिझेल परवडणार नाही, म्हणून आम्ही जिथे स्वस्त मिळेल तिथून घेणार. हा युक्तिवाद नैतिकच आहे. आपल्या माणसांची जबाबदारी आधी, असं म्हणणारा. आणि म्हणूनच तो पंपावर जाऊन तपासता येतो.

मग स्वस्त तेल पंपापर्यंत आलं का?

मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी कमी केलं. जुलैमध्ये राज्याने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपयांची सूट दिली. ही दोन्ही करकपात होती, तिचा रशियाच्या सवलतीशी संबंध नव्हता. त्यानंतर जवळपास पावणेदोन वर्षं भाव हलले नाहीत. १५ मार्च २०२४ ला, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, २ रुपये कमी झाले. एप्रिल २०२५ मध्ये कच्चं तेल घसरलं तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क २ रुपयांनी वाढवलं. पंपावरचा भाव तोच राहिला. डिझेल आजही लिटरला ९० रुपयांच्या वर आहे.

थोडं गणित करू. एका बॅरलमध्ये १५९ लिटर. समजा रशियाने बॅरलमागे १० डॉलर सूट दिली आणि डॉलर ८३ रुपये धरला, तर लिटरमागे सव्वापाच रुपये सुटतात. पण रशियाचं तेल एकूण तेलाच्या ३५ टक्केच. सगळ्या तेलावर पसरवलं तर लिटरमागे १ रुपया ८० पैसे. सुरुवातीला सूट याहून जास्त होती, पुढे ती बरीच कमी होत गेली. म्हणजे पूर्ण फायदा जसाच्या तसा ग्राहकाला दिला असता, तरी तो दोन-तीन रुपयांच्या घरातलाच होता.

तो गेला कुठे? काही भाग सरकारी तेल कंपन्यांचा २०२२ मधला तोटा भरून काढण्यात गेला. हे मान्य करायला हवं, कारण तेव्हा जगात तेल १०० डॉलरच्या वर असताना या कंपन्यांनी पंपावरचे भाव रोखून धरले होते. पण २०२३-२४ मध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचा मिळून निव्वळ नफा सुमारे ८१ हजार कोटी रुपये झाला. काही भाग खासगी रिफायनऱ्यांकडे गेला. त्या स्वस्त कच्चं तेल घेऊन डिझेल बाहेर विकत होत्या. इतकं की १ जुलै २०२२ ला सरकारला डिझेलच्या निर्यातीवर लिटरला १३ रुपये कर लावावा लागला. उरलेलं तिजोरीत.

यातलं काहीच बेकायदा नाही. सरकारी कंपन्यांचा नफा लाभांशातून सरकारकडेच येतो आणि त्यातून रस्ते होतात, अनुदानं दिली जातात. पण 'धाराशिवच्या ट्रॅक्टरवाल्यासाठी' हे जे कारण दिलं गेलं, त्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातात थेट काय पडलं, तर भाव वाढला नाही एवढंच.

आता दुसरं पारडं. हिशेबापुरतं पाच एकर सोयाबीन धरू, एकरी सहा क्विंटल. एकूण ३० क्विंटल. या पाच एकरांची नांगरट, पेरणी, मळणी यासाठी १५० लिटर डिझेल लागलं आणि लिटरमागे १ रुपया ८० पैसे वाचले, तर वर्षाला २७० रुपये. पेंड आणि तेल स्वस्त झाल्यामुळे सोयाबीनचा भाव क्विंटलला फक्त ३०० रुपयांनी पडला, तर तोटा ९,००० रुपये.

आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. भाव किती पडेल हे कोटा किती यावर अवलंबून आहे, कदाचित काहीच पडणार नाही. पण दोन पारड्यांच्या आकारातला फरक यातून दिसतो.

सोयाबीनची अवस्था आत्ता काय आहे?

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. काढणीच्या काळात बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. ज्याच्याकडे साठवायला जागा आणि थांबायला पैसा नाही, त्याचा माल तेव्हाच विकला गेला. नंतर भाव सुधारला तरी तोपर्यंत माल त्याच्या घरात नसतो. त्यात गेल्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात पुराने उभी पिकं गेली, जमीनही खरवडून गेली.

सगळा दोष तेलाच्या राजकारणाचा नाही. ब्राझीलमध्ये सोयाबीनचं पीक प्रचंड येतंय, जगात पेंड उदंड झाली आहे. पण सरकारचं धोरण प्रत्येक वेळी कुठल्या बाजूला झुकलं, ते पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरला सोयाबीन १० हजारांवर गेलं. पोल्ट्री उद्योगाने ओरड केली आणि त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीआधी, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के केलं. ३० मे २०२५ ला, पेरणीच्या तोंडावर, ते १० टक्क्यांवर आणलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. भारत वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात करतो, गरजेच्या निम्म्याहून जास्त. वाशी, भूम, कळंबमधून ऊसतोडीला जाणाऱ्या भूमिहीन कुटुंबासाठी तेलाची पिशवी १० रुपयांनी स्वस्त होणं ही चांगलीच बातमी आहे. त्यांच्या घरात विकायला सोयाबीन नाही, विकत घ्यायला तेल आहे. त्यामुळे 'आयात बंद करा' हे सोपं उत्तर सोयाबीनवाल्याच्या फायद्याचं असलं तरी त्याच गावातल्या दुसऱ्या घराला महाग पडतं.

खाद्यतेलाच्या बाबतीत भारताने स्वतःही दबाव आणलेला आहे. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवरून टीका केली, पुढे नागरिकत्व कायद्यावरही बोलले. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध केलेल्या पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. अधिकृत कारण दिलं नाही, पण मलेशियाला ते कळलं. म्हणजे मोठा खरेदीदार हतबलच असतो असं नाही. कच्च्या तेलात ही ताकद कमी पडते, कारण टँकरचा विमा, बँका आणि डॉलर हे सगळं दुसऱ्यांच्या हातात आहे.

इथेनॉल हा सुटकेचा मार्ग आहे का?

परावलंबन कमी झालं की झुकावं लागणार नाही, हे तर्काला धरून आहे. म्हणून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं. २०३० चं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं गेलं. २०१४ पासून यातून १ लाख ४० हजार कोटींहून जास्त परकीय चलन वाचल्याचा सरकारचा दावा आहे.

धाराशिवच्या साखर कारखान्यांना इथेनॉल नवं नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने तर इथेनॉलच्या प्रकल्पात बदल करून ऑक्सिजन तयार केला होता.

पण इथेही सौदा आहेच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल बनवायला, पिकाचं पाणी धरून, किमान २,८६० लिटर पाणी लागतं. मराठवाड्यात ऊस लागवडीवर बंदी घालावी, अशी शिफारस तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी २०१९ मध्ये केली होती. ती कागदावरच राहिली. ऊस लावणाऱ्याला दोष देणंही बरोबर नाही. उसाची एफआरपी देणं कारखान्याला कायद्याने बंधनकारक आहे. सोयाबीनच्या हमीभावाला असं बंधन नाही. शेतकरी साधं गणित करतो. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे माहीत असूनही करतो.

मक्याचं तर वेगळंच झालं. धान्यापासून इथेनॉल वाढलं, मक्याला मागणी आली आणि एकेकाळी मका विकणारा भारत २०२४ मध्ये तो बाहेरून आणू लागला. म्यानमारमधून आणि चक्क युक्रेनमधून. शिवाय देशातल्याच इथेनॉल कारखान्यांचा डीडीजीएस बाजारात आला आणि पोल्ट्रीवाले सोयापेंड कमी घेऊ लागले. सोयाबीन प्रक्रिया उद्योग गेली दोन वर्षं याबद्दल तक्रार करतोय. अमेरिकेचा चोथा यायच्या आधीच घरच्या चोथ्याने भाव खाल्ला होता.

म्हणजे तेल आयात केलं तरी फटका सोयाबीनला बसतो आणि तेलाला पर्याय शोधला तरी त्यालाच बसतो. हा काही कट नाही. ज्याचा निर्णयाच्या टेबलावर आवाज नाही, त्याच्याकडे बिल सरकत जातं, इतकंच. कापड निर्यातदारांच्या संघटना दिल्लीत होत्या, पोल्ट्रीच्या होत्या, तेल कंपन्या तर सरकारच्याच आहेत. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या धाराशिवच्या पाच एकरवाल्याला २०२२ मध्ये कुणी विचारलं नाही, रशियाचं तेल घ्यायचं का. २०२६ मध्येही विचारलं नाही, त्याच्या बदल्यात पेंडीचा बाजार उघडायचा का.

आता लक्ष कशाकडे ठेवायचं?

संयुक्त निवेदन ही चौकट आहे. अंतरिम करारावर सह्या व्हायच्या आहेत आणि खरा मजकूर परिशिष्टांत असेल. सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे डीडीजीएस आणि सोयाबीन तेलाचा कोटा किती टनांचा आणि तो वर्षात कधी खुला होणार. एप्रिल ते ऑगस्टमध्ये आला तर शेतकऱ्याचा बहुतेक माल विकून झालेला असतो, झळ कमी बसेल. ऑक्टोबर ते जानेवारीत, म्हणजे काढणीच्या वेळी आला, तर थेट बाजार समितीच्या लिलावात दिसेल. कोट्याच्या चर्चेत टनांइतकाच हा महिन्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो मागणं आपल्या लोकप्रतिनिधींना अवघड नाही.

दुसरं म्हणजे नाफेड आणि एनसीसीएफची हमीभाव खरेदी. करारामुळे झळ बसणार नाही असा सरकारला विश्वास असेल, तर पुढच्या हंगामात खरेदी केंद्रं काढणीबरोबरच सुरू करणं आणि ओलाव्याच्या अटीवर माल परत न पाठवणं, ही त्याची सोपी परीक्षा आहे.

खरिपाचे नवे हमीभाव साधारण मेअखेर किंवा जूनमध्ये जाहीर होतात. ७ जूनच्या आसपास मृग निघतो आणि तोवर बियाण्याच्या पिशव्या घरी आलेल्या असतात. कोट्याचा आकडा त्याआधी बाहेर आला, तर सोयाबीन किती एकर आणि तूर किती, हे ठरवताना तो हिशेबात धरता येईल.